राखणीचं लाकूड

पाला केसलीनंच पेटवला होता, याबद्दल गावात कुणाला शंका नव्हती. खुद्द केसलीलाही नव्हती.

मोहाची फुलं गळायला लागतात तेव्हा झाडाखाली वाळक्या पाल्याचा थर असतो. त्यात पडलेलं फूल सापडत नाही. म्हणून त्या सगळ्या राठवा आदिवासींच्या मुलखात बाया आदल्या दिवशी पाल्याला काडी लावत. पाला घटकेत जळे, जमीन काळीभोर साफ होई आणि पहाटे पडलेली फुलं तिच्यावर लाह्यांसारखी उठून दिसत. केसलीची सासू असंच करायची, सासूची सासूही. केसलीनं काडी लावली, जाळाच्या कडेकडेनं पाय फिरवला, विझलं असं बघून ती घरी आली. दुपारी वारा फिरला. कुठल्यातरी मुळात धुमसत बसलेला विस्तव उठला आणि घोडिया डोंगरावर चढला.

बडोदे जिल्ह्याच्या अगदी उगवतीच्या टोकाला, छोटाउदेपूरच्याही पलीकडे हा डोंगर. वर देवाचं ठाणं आणि ठाण्याभोवती नवसाचे मातीचे घोडे, म्हणून घोडिया. गाव पायथ्याला. बायाबापडे पळसाच्या ओल्या फांद्या घेऊन आगीला झोडपत राहिले. हातांना फोड आले, भुवया जळाल्या. केसलीचा नवरा वेस्ता, त्याचा डावा पाय जळत्या खोडाखाली सापडला तो पुढं कायमचा फरफटत राहिला. आग विझली तेव्हा घोडिया जेवणावळीनंतरच्या चुलाणासारखा दिसत होता. कड्याखाली एक घोरपड भाजून दगडाला चिकटली होती. ती सोडवताना केसली पहिल्यांदा रडली.

आग विझली की त्या गावची एक रीत होती. जिथून आग सुरू झाली तिथलं एक जळकं लाकूड आणून गावातल्या चिंचेखाली मधोमध ठेवायचं. सारा गाव भोवती बसणार. कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही. ज्याच्या हातून झालं त्यानं आपणहून उठायचं आणि लाकूड उचलायचं. उचललं की दोष संपला. मागाहून जो कोणी त्यावरून टोमणा मारील त्यालाच गावाचा दंड. आणि ज्यानं लाकूड उचललं तो डोंगराचा राखणदार. लाकूड वर नेऊन पुरायचं, त्यावर बी लावायचं, आणि डोंगर हिरवा होईस्तोवर राखणीत पहिला हात त्याचा.

केसली उठली. पदर खोचला. लाकूड उचलून तिनं खांद्यावर घेतलं. गावपटेल रंगलानं नुसतं "हा, झालं" म्हटलं आणि तंबाखूची चंची पुढं सरकवली.

गर्दीच्या कडेला खाटेवर एक खाकी कपड्यातला माणूस बसला होता. हे जयवंतराव मोहिते, जंगलखात्यातले नवे फॉरेस्टर. घर बडोद्याला दांडिया बाजारात, पूर्वज जुन्या संस्थानच्या पागेत शिलेदार. मिशीला त्याचा पीळ अजून होता. आग लावणाऱ्याला पकडायचं म्हणून ते आले होते.

"आणि कुणीच उठलं नाही तर?" त्यांनी पटलाला विचारलं.

"असं होत नाही, साहेब."

"समजा झालं."

"एकदा वीज पडून लागली होती. आता वीज काय लाकूड उचलायला येती?" रंगला हसला. "सूर्य बुडायच्या आत कुणीतरी उचलावंच लागतं, नाहीतर डोंगर पोरका. तेव्हा माझ्या बापानं उचललं. त्याचा काय दोष? पण राखण त्यानं केली."

जयवंतराव बराच वेळ केसलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या कायद्याला हे जमणार नाही." आणि कुणालाही न पकडता ते परत गेले. गावाला हा माणूस आवडला. का आवडू नये?

पाऊस यायच्या आत सगळं उरकायचं होतं. जळून पडलेली खोडं केसलीनं आणि गावानं उतारावर आडवी घातली, दगडांनी अडकवली, म्हणजे पहिल्या धारेनं राख आणि माती वाहून जाऊ नये. अर्धवट करपलेली रोपटी धारियानं जमिनीलगत तिरपी छाटली. धारिया म्हणजे लांब दांड्याचा कोयता. त्याचा घाव एकाच दणक्यात साफ बसला तर बुंधा फुटतो, चेचला तर कुजतो. वेस्ताला उभं राहता येत नव्हतं, म्हणून तो बसल्या जागी सगळ्यांच्या धारियांना धार लावी. वठलेली उंच झाडं मात्र कुणी तोडली नाहीत. पिंगळा कुठं राहील, असं केसली विचारी. शेळ्या डोंगरावर बंद झाल्या. गवत विळ्यानं कापून डोक्यावर आणायचं, जनावर वर न्यायचं नाही. त्यावरून दोन घरांची डोकी फुटली, पण बंदी टिकली.

आणि पाल्याला काडी लावणंही बंद. त्याऐवजी खराटा. झाडाखालचा पाला झाडून खड्ड्यात लोटायचा. दोन झाडांखालचा पाला लोटला की कंबर सरळ होत नसे. पहिल्या वर्षी बाया केसलीच्या नावानं बोटं मोडत, पण तोंडानं काही म्हणत नसत, कारण दंड.

पुढच्या उन्हाळ्यात वरच्या कचेरीतून निघालं की घोडियावर निलगिरी लावायची. खड्डे खणायला मजूर आले. खड्डे खणायचे तर फुटवे आलेले बुंधे उपटावे लागणार होते. केसली एका बुंध्यावर जाऊन बसली आणि उठेना. जयवंतराव धावत आले. त्यांनी मजुरांना परत पाठवलं आणि बडोद्याला जाऊन भांडले. साहेबांनी त्यांना उन्हात तास न् तास बाहेर उभं केलं, असं ड्रायव्हरनं नंतर सांगितलं. पण निलगिरी आली नाही.

त्याच पावसाळ्यात जयवंतरावांना हिवताप झाला आणि रस्ता वाहून गेल्यामुळं ते केसलीच्या झोपड्यात अडकले. ते बरळत होते, मराठीतनं. केसलीला त्यातलं कळत नव्हतं. तिनं मक्याची पेज भरवली, ओकारी काढली, अंग पुसलं. रस्ता झाला तशी त्यांची बायको मृदुला धाकट्या हार्दिकला घेऊन आली. शहरातली बाई, पण दारात चपला काढून सरळ केसलीच्या पाया पडली.

"अहो, ही तुमची बहीणच," ती नवऱ्याला म्हणाली. "हार्दिक, ये इकडे. फोईंना नमस्कार कर."

बडोद्यातल्या मराठी घरांत आत्या कधी फोई होते ते त्यांनाही कळत नाही. हार्दिक तिला त्या दिवसापासून केसलीफोई म्हणायला लागला. जयवंतराव केसलीबेन म्हणत. ती त्यांना भाय म्हणे आणि अरेतुरे करी. राठव्यांत कलेक्टरलाही अरेतुरेच. दर दिवाळीला मृदुलाबाईंकडून लुगडं यायचं आणि केसलीकडून मोहाचं तेल आणि बांबूच्या कोंबांचं लोणचं जायचं.

अशी वर्षं गेली. केसलीचा मुलगा नगीन मोठा होऊन बडोद्याला मकरपुऱ्यात कारखान्यात लागला. त्याचं लग्न झालं, सून सुमी घरी आली. सासूला ती बा म्हणे, गुजरातीत आईला म्हणतात तसं. ती खराट्यावर जाम वैतागायची.

"बा, माझ्या बापाकडं एक काडी लावतात, काम झालं."

"तुझ्या बापाकडं डोंगर आहे?"

"होता."

"तेच म्हणते मी," केसली म्हणे. सुमी खराटा आपटून पुन्हा वाकत असे.

डोंगर मात्र भरत आला. बुंध्यांना फुटलेले कोंब मांडीएवढे झाले. आधी तितर आले, मग ससे. आटलेला झरा माघापर्यंत वाहायला लागला. केसलीनं लाकूड पुरलं होतं तिथला मोह पुरुषभर उंच झाला. आणि एका सकाळी त्याच्याजवळच्या जुन्या मोहाच्या सालीवर तिला ओरखडे दिसले, ताजे, खोल, चीक अजून ओला. झाडाखाली मोहाच्या फुलांनी भरलेली विष्ठा. अस्वल परत आलं होतं.

तिला काय करू आणि काय नको असं झालं. सासूच्या वेळेपासून अस्वल कुणी पाहिलं नव्हतं. गावाला तर तिनं सांगितलंच, पण डोंगराची बातमी भावाला सांगायची नाही तर कुणाला? पुढच्या खेपेला जयवंतराव आले तेव्हा हाताला धरून तिनं त्यांना वर नेलं.

"हात लाव, भाय. बघ कसं ओढलंय."

जयवंतरावांनी ओरखड्यांत बोटं घातली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी फोटो काढले, विष्ठेचे, ओरखड्यांचे, केसलीचेही. ते फोटो त्यांनी बडोद्याला फत्तेगंजच्या एका सभागृहात पडद्यावर दाखवले, लाकडाची रीतही तिथं रंगवून सांगितली. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत धवलभाई होता.

धवलभाईचं अलकापुरीत हॉटेल होतं. ते दिवस असे होते की बडोद्यात ज्याच्या त्याच्याकडं नवी गाडी आली होती आणि शनिवार-रविवार ती कुठं न्यावी हा प्रश्न होता. धवलभाईला उत्तर सापडलं. त्यानं कुठं कुठं हात फिरवला कोण जाणे, पण वर्षाच्या आत घोडियाच्या मधल्या माळावर तंबू उभे राहिले, खाली काटेरी तार आली आणि तारेला फाटक. पाटीवर गुजरातीत लिहिलं होतं, 'रींछ नेचर कॅम्प'. रींछ म्हणजे अस्वल. गावाचे निम्मे मोह तारेच्या आत गेले. आणि कॅम्पचा मॅनेजर कोण, तर हार्दिक मोहिते. कॉलेज संपून तो घरीच बसला होता.

"भाय, ही तार?" केसलीनं विचारलं.

"अस्वलासाठी आहे, केसलीबेन. त्याला शांतता लागते. एकदोन वर्षं थांबा. तुम्हालाच कामं मिळणार आहेत."

"शांतता लागती म्हणून मोटारी आणल्या?"

जयवंतराव हसले. केसली हसली नाही.

कामं मिळाली, हे खरं. सुमी तंबू झाडायला जाऊ लागली. बिचारीच्या नशिबातला खराटा काही सुटला नाही. वेस्ताला लाल बंडी, गळ्यात मणी आणि हातात तीरकामठा देऊन फाटकाशी उभं केलं. त्याचा फरफटणारा पाय पाहून पाहुणे विचारत. एके दिवशी धवलभाईनं त्याला शिकवलं, "काका, रींछानं चावलं असं सांगायचं. पब्लिकला मजा येते." तेव्हापासून वेस्ता सांगायचा, अस्वलानं चावलं. बाया त्याच्या पायाचे फोटो काढायच्या. तो घरी येऊन ही गोष्ट हसत हसत सांगे.

"हसतोस काय?" केसली एकदा ओरडली. "माझ्या आगीनं गेला तो पाय. त्या मुक्या जनावराच्या नावावर कशाला टाकतोस?"

दुसऱ्या दिवशी वेस्तानं बंडी परत दिली.

मोहाच्या दिवसांत तारेच्या आतल्या झाडांखाली कुणी फिरकायचं नाही, असा हुकूम निघाला. केसली तरी पहाटे तारेखालून सरपटत जाई. फुलं वेचायला नाही, पाला झाडायला. एवढा पाला साठून राहिला तर एका ठिणगीचं काम, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? लुगडं तारेत अडकून फाटलं, ते मृदुलाबाईंनीच दिलेलं होतं.

त्या फाल्गुनात पाहुण्यांची मोठी टोळी आली. माळाच्या वर, सुळक्याखाली, सपाट खडक होता. हार्दिक तिथं लाकडं रचून घेत होता. केसली खराटा घेऊन वर गेली.

"दीकरा, पोरा, इथं जाळ करू नको. खडकाला फट आहे, फटीत मुळं आहेत. बाहेरून विझलं तरी आत राहतं."

"फोई, गेस्टना कॅम्पफायर पाहिजे ना. व्ह्यू इथूनच आहे. मी स्वतः पाणी टाकीन, प्रॉमिस."

"खाली माळावर कर."

"धवलभाईंनी इथंच सांगितलंय. टेन्शन नको घेऊ तू."

संध्याकाळी वर गाणी वाजली, टाळ्या वाजल्या. सकाळी सगळं शांत होतं. दुपारी वारा फिरला.

केसली भाकरी थापत होती. वास तिला आधी आला, धूर नंतर दिसला. तिनं तवा तसाच चुलीवर टाकला आणि पळसाची फांदी मोडत धावली. गावही धावलं. गाव धावेल की नाही, असा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही. डोंगर तारेत गेला म्हणून काय परका झाला होता? पाहुणे मोटारींत बसून निघून गेले. त्यांच्या चाकांची धूळ आणि डोंगराचा धूर एकमेकांत मिसळत होता. लोक झोडपत राहिले, धारियानं गवत कापून पट्टे काढत राहिले. ओढ्याकाठानं एक अस्वल पिल्लाला पाठीवर घेऊन पळताना सुमीनं पाहिलं. ते पुढं कुठं गेलं ते कळलं नाही. ज्या खोडांखाली पाला झाडलेला होता तिथं आग पोहोचून आपोआप बसली. तारेच्या आतल्या न झाडलेल्या झाडांखालून मात्र ती वर चढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घोडिया पुन्हा काळा झाला. केसलीनं लाकूड पुरलं होतं तो मोह उभ्याउभ्या जळाला.

हार्दिक तिला झऱ्याशी सापडला. केस करपलेले, हाताला फोड. तोही झोडपत होता बिचारा. तिला पाहून त्यानं तोंड झाकलं.

"फोई, मी पाणी टाकलं होतं गं. खरंच टाकलं होतं. विझलं होतं."

केसलीनं त्याला जवळ घेतलं. तिला तरी काय वेगळं वाटलं होतं त्या दिवशी? तिनंही पाय फिरवला होता, तिचंही विझलं होतं.

"रडू नको. उद्या चिंचेखाली ये. लाकूड उचल आणि मोकळा हो. कुणी एक शब्द बोलणार नाही तुला."

"बाबांना सांगतो. आम्ही दोघं येतो."

"हा, भायला घेऊन ये."

त्यानं मान हलवली आणि मोटरसायकलवर बसून बडोद्याकडे गेला.

दुसऱ्या दिवशी केसलीनं खडकावरच्या राखेतून अर्धं जळलेलं सागाचं लाकूड आणलं आणि चिंचेखाली ठेवलं. ते कुठलं आहे हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गाव बसलं. ऊन कलायला लागलं तेव्हा जीप आली. पुढच्या सीटवरून जयवंतराव उतरले, मागून धवलभाई, आणि त्याच्या मागून पोलीस जमादार. हार्दिक नव्हता.

केसलीनं जीपमध्ये वाकून पाहिलं. मग तिनं स्वतःची समजूत घातली: बाप आलाय. पोराचं बाप उचलतो, त्यातही काही वावगं नाही. तिनं जयवंतरावांसाठी खाट झटकली आणि पाण्याचा लोटा आणला. ते बसले. पाणी प्याले. तिच्याकडं पाहिलं नाही.

"कंप्लेंट आहे," जमादार म्हणाला. "मोहाच्या फुलांसाठी गावानं पाला पेटवला. कॅम्पचं नुकसान झालं. कुणी पेटवला?"

"जमादारसाहेब, जरा बसा," पटेल म्हणाला. रंगला आता म्हातारा झाला होता. "आमचं आधी होऊ द्या. लाकूड ठेवलंय."

जमादार कंटाळून बसला. धवलभाई मोबाईल हातात धरून रेंज शोधत राहिला.

कुणी कुणाचं नाव घेतलं नाही. सगळे लाकडाकडं बघत होते आणि मधूनमधून जयवंतरावांच्या हातांकडं. केसलीला खात्री होती. या चिंचेखाली कुणी उठलं नाही असं तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. चोर उठले होते, दारुडे उठले होते, पटलाचा सख्खा भाऊ उठला होता. मग हा तर निलगिरी अडवायला उन्हात उभा राहिलेला माणूस. जरा लाजतोय, एवढंच. शहरातल्या माणसाला वेळ लागतो.

ऊन चिंचेच्या बुंध्यावरून शेंड्यावर गेलं. जयवंतरावांनी रुमालानं मान पुसली. एकदा ते पुढं झुकले. केसलीनं त्यांना वाट द्यायला पाय आवरले. त्यांनी बुटाची नाडी बांधली.

"भाय," ती हळूच म्हणाली. "मावळायला आलं."

ते ऐकूनही बसून राहिले.

शेंड्यावरचं ऊन जायला लागलं तसा वेस्ता काठीवर जोर देऊन उठायला लागला. केसलीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं. या पायानं राखण कुठं करणार तो? ती स्वतः मधोमध गेली. तिनं पदर खोचला आणि लाकूड उचललं.

"झालं!" धवलभाई म्हणाला. "कबूल केलं ना बाईनं. सगळ्यांसमोर."

"नाही, नाही," पटेल धडपडत उठला. "तसं नाही, जमादारसाहेब. कुणीच उचललं नाही तर कुणीतरी उचलायचं असतं. राखणीसाठी. तिनं राखण घेतली. माझ्या बापानं—"

"तुम्ही थांबा. तुम्ही गाववाले." जमादार जयवंतरावांकडं वळला. "मोहितेसाहेब, तुम्ही इतकी वर्षं यांच्यात काढलीत. यांच्यात लाकूड उचलतं कोण?"

सगळं गाव त्यांच्याकडं बघत होतं. ही रीत त्यांच्याइतकी चांगली सांगणारा दुसरा माणूस साऱ्या बडोद्यात नव्हता. विजेची गोष्ट सांगून त्यांनी सभागृहात हशा घेतला होता.

"ज्याच्या हातून आग लागली," जयवंतराव म्हणाले, "तो उचलतो."

"आणि या बाईनं पूर्वी एकदा पेटवलं होतं म्हणतात?"

जयवंतरावांनी रुमाल खिशात घातला. मग म्हणाले, "हो. तेव्हाही हिनंच उचललं होतं."

त्यात एक शब्द खोटा नव्हता. गावात इतक्या वर्षांत ज्या गोष्टीवरून कुणी तिला टोमणा मारला नाही, ती तिच्या भावानं जमादाराच्या हातात दिली. सुमी किंचाळून पुढं आली, "ती तर रोज झाडायची! तारेखालून जाऊन झाडायची!"

"म्हणजे आत जात होती," धवलभाई जमादाराला म्हणाला. "ऐकलं ना?"

केसलीला राग यायला पाहिजे होता, पण आधी नुसता गारठा आला, अंगावर पाणी पडल्यासारखा. आपलं माणूस असं करतं तेव्हा पहिल्यांदा आपलीच लाज वाटते. तिनं सुमीला जवळ बोलावलं.

"पाऊस यायच्या आत खोडं आडवी घाला. रोपटी खालून छाटा, एका घावात. सासऱ्याकडून धार लावून घे. आणि काडी लावायची नाही."

"नाही लावणार, बा," सुमी रडत म्हणाली.

जमादारानं केसलीला जीपच्या मागच्या बाकावर बसवलं आणि लाकूड मुद्देमाल म्हणून खाली पायाशी टाकलं. वेस्ता जीपला धरून उभा होता. ती निघाली तशी काठी टेकत थोडं अंतर फरफटत आला आणि मग थांबला.

गावाबाहेर पडल्यावर केसली वाकली आणि जमादाराच्या बुटाखालून तिनं लाकूड ओढून घेतलं.

"ए, मुद्देमाल आहे तो."

"माहीत आहे. खाली नको." तिनं ते मांडीवर ठेवलं. कोळसा लुगड्याला लागला.

पुढच्या सीटवर जयवंतरावांचं डोकं दिसत होतं. मागचे केस पांढरे झाले होते. हिवतापात याच डोक्यावर तिनं ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या होत्या.

"भाय," ती म्हणाली.

धवलभाईनं ड्रायव्हरला, धूर येतोय, खिडकी लाव म्हणून सांगितलं. जयवंतराव समोर रस्त्याकडं बघत राहिले.

"पोराचं नाव मी घेतलं नसतं. जमादारापुढं पण नसतं घेतलं. तुला माहीत होतं ना रे?"

"केसलीबेन," ते मागं न वळता म्हणाले. "त्याचं सगळं आयुष्य आहे पुढं. नोकरी आहे. तू समज ना."

"मग तू उचलायचंस की." ती खरोखरच विचारत होती. "काय होतं त्यात? लाकूड वर नेऊन पुरलं असतं आपण. तुला झाडता येत नाही, धारिया धरता येत नाही, मला काय ठाऊक नाही? मी आले असते ना रे तुझ्याबरोबर राखणीला. सगळं गाव आलं असतं."

जयवंतरावांनी रुमाल काढला आणि तोंडाशी धरून ठेवला. वळणावर घोडिया एकदा दिसला, काळा, मधूनच कुठंतरी धूर निघत होता. सूर्य बुडाला होता. केसलीनं मांडीवरचं लाकूड दोन्ही हातांनी घट्ट धरलं.